बेरीज कोठे अपुरी पडते?

कला शाखेत गणित घेणारे विद्यार्थी थोडे आणि वार्षिक अंकात त्यावर लिहिणारे त्याहून थोडे. तरीही संदेशवहनाच्या शास्त्रातील एक प्रश्न वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. तो समजण्यास बेरीज येत असली म्हणजे पुरे.

मालगाडीतून पोती जातात. दोन पोत्यांतले धान्य एकत्र ओतले तर ते निवडता निवडता पुरेवाट व्हायची. संदेशाचे तसे नाही. समजा, एका केंद्राला क आणि ख असे दोन बिट (बिट म्हणजे 0 किंवा 1) दोन गावांना पाठवायचे आहेत. दोन्ही गावांना दोन्ही हवेत. डाव्या गावाला क थेट मिळतो, उजव्याला ख. राहिलेल्या बिटासाठी दोघांना मिळून मधली एकच वाट, आणि तिच्यावरून एका वेळी एकच बिट जातो. क सोडला तर डावे गाव अडते, ख सोडला तर उजवे. उपाय असा की दोहोंची बेरीज सोडावी : सारखे असतील तर 0, भिन्न असतील तर 1. डाव्या गावाजवळ क आहेच, बेरजेवरून त्याला ख कळतो. उजव्याचेही तसेच. आल्सवेडे, त्साय, ली व युंग यांनी 2000 साली ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली.

वाटेवरच्या ठाण्यांनी आलेल्या चिन्हांना ठरावीक संख्यांनी गुणून केवळ बेरीज करायची, याला रेषीय संकेतन म्हणतात. एकच केंद्र आणि सर्वांना तेच संदेश हवे असतील, तर एवढ्यावर भागते, हे 2003 साली सिद्ध झाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; वडिलांच्या मते हिशेब म्हणजे बेरीज-वजाबाकी, बाकीचे सारे सोंग. त्या वर्षी त्यांचाच पक्ष जिंकला म्हणायचा!

परंतु प्रत्येक गावाला निराळा संदेश हवा असेल तर? तेथेही रेषीय रीत पुरेल, असा अनेकांचा कयास होता. 2005 साली डॉहर्टी, फ्रायलिंग व झेगर यांनी तो खोटा ठरविला. त्यांची युक्ती मला फार आवडली. त्यांनी दोन जाळी जोडून एक केले. पहिल्याला रेषीय उत्तर हवे तर 1 आणि 1 मिळून 0 व्हावे लागते, आपल्या बिटांच्या बेरजेसारखे. दुसऱ्याला हवे तर तसे मुळीच होता कामा नये. रेषीय संकेतनात साऱ्या जाळ्याला बेरजेचा एकच नियम लागतो; तेव्हा एक भाग सुटला की दुसरा अडतो.

आणि तरीही उत्तर आहे! केवळ चार चिन्हे घ्यायची. कोठे त्यांना दोन-दोन बिटांच्या जोड्या मानून बेरीज करायची, कोठे चार तासांच्या घड्याळासारखी (3 नंतर पुन्हा 0), आणि मध्येच जोडीतल्या बिटांची अदलाबदल करायची. घड्याळाच्या बेरजेशी ही अदलाबदल जुळत नाही, म्हणून सारी रीत मिळून रेषीय राहत नाही. पण प्रत्येकाला आपला संदेश पोचतो.

तोटा किती, हेही त्यांनी काढले. या जाळ्याची खरी क्षमता 1, तर रेषीय रीतीची 10/11. म्हणजे जेथून अकरा संदेश जाऊ शकतात, तेथे नुसत्या बेरजेने कितीही चतुराई केली तरी दहाच जातात.