आठवड्याची सुई आणि आत्याचा प्रश्न

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सारे वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या दिवाळीत आत्याने असाच एक कागद पुढे केला. डॉक्टरांनी तिला वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचायचे इंजेक्शन सुचवले होते. "तू कॉलेजात शिकतेस ना? मग सांग, हे किती दिवस घ्यायचं, नि सोडल्यावर काय होतं?" त्या प्रश्नाच्या शोधात केलेला हा अल्पसा अभ्यास.

आत्या पहाटे उठून चाळीस जणांचे डबे करते. तरीही 'कमी खा, हातपाय हलव' असे सारे तिलाच सुनावतात. मीही सुनावीत असे. वाचता वाचता कळले की, भूक ही केवळ निग्रहाची गोष्ट नाही. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक पाझरते. ते मेंदूला तृप्तीचा निरोप देते आणि जठर सावकाश रिकामे होऊ देते. मात्र काही मिनिटांतच ते नष्ट होते. सेमाग्लुटाइड हे औषध त्याच्यासारखेच काम करते. पण रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहिल्याने त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एक सुई पुरते. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ असे त्रास होऊ शकतात, यास्तव ०.२५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू वाढवतात.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ प्रौढ होते. आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांनाच दिला होता. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तर औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्के. पुढे औषध थांबवल्यावर त्यांतील काहींची वर्षभर पाहणी झाली. घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आले होते!

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे हा उपचारही दीर्घकाळ चालवावा लागतो, आणि मग खर्चाचा प्रश्न उभा राहतो. याच प्रकारचे टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा त्याच्या सर्वांत लहान मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांची होती. म्हणजे चार आठवड्यांचे १४,००० रुपये. डबे करणाऱ्या बाईने ते कोठून आणावेत?

मी हे सारे आत्याला सांगितले. सुई घ्यायची की नाही, हे ती डॉक्टरांशी बोलून ठरवणार आहे. पण ऐकून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "म्हणजे सगळा दोष माझ्या जिभेचा नव्हता तर." माझी मान खाली गेली.

मित्रहो, औषध प्रत्येकाला परवडेल असे नाही. परंतु लठ्ठ माणसाला आळशी म्हणणे थांबवायला पैसे लागत नाहीत. निदान आपण शिकणाऱ्यांनी तरी तेवढे करावे.