“बाई, अजून किती वेळ?” : मैत्रीचा एक वेगळा पाठ



मूल्यशिक्षणाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना डोळे मिटून शांत बसायला सांगितलं. किती वेळ, ते मुद्दाम सांगितलं नाही. दोनच मिनिटांत चुळबुळ सुरू! “बाई, अजून किती वेळ?”

मग मी त्यांना लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची माहिती सांगितली. त्याला लागूनच ब्रूक हाऊस आणि टिन्स्ली हाऊस ही स्थानबद्धता केंद्रं आहेत. कुणी आश्रय मागायला आलेला, कुणाच्या व्हिसाची मुदत संपलेली, तर कुणी शिक्षा भोगून झालेला, पण आता देशाबाहेर पाठवला जाणार असलेला. अशांना तिथे ठेवतात. ही न्यायालयानं दिलेली शिक्षा नव्हे, प्रशासनाचा आदेश असतो. कैद्याला सुटकेची तारीख माहीत असते, यांना नसते. प्रौढांना जास्तीत जास्त किती दिवस ठेवायचं, याची सर्वसाधारण मर्यादा ब्रिटनच्या कायद्यात नाही. म्हणजे आमच्या मुलांचाच प्रश्न, “अजून किती?”

इथे साधी माणसं पुढे येतात. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅटविक डिटेनीज वेल्फेअर ग्रुप’चे स्वयंसेवक या लोकांना भेटायला जातात. ओळखपत्र दाखवायचं, झडती द्यायची आणि समोर बसून गप्पा मारायच्या. क्रिकेट, जेवण, मुलंबाळं, काहीही.

या कामात तीन पथ्यं महत्त्वाची. एक, कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, ते वकिलाचं काम. दोन, “सुटशील रे लवकर” असं खोटं आश्वासन द्यायचं नाही. तीन, खोदून विचारायचं नाही. अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारून आधीच भंडावलेलं असतं. स्वतःहून सांगेल तेवढं ऐकायचं. आणि येतो म्हटलं की यायचंच.

तिसऱ्या पथ्यापाशी मी स्वतःच अडखळले. गेल्या वर्षी ऊसतोड कुटुंबातली एक मुलगी मध्येच वर्गात आली. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर मी विचारलं, “कुठून आलीस? किती दिवस राहणार?” तिनं मान खाली घातली. तिला तरी कुठे माहीत होतं? तिची परिस्थिती वेगळी, पण माझी चूक तीच. मी चौकशी केली, ओळख नाही.

आता नवीन मूल आलं की मी वर्गाला एकच काम देते. आठवडाभर रोज एकानं त्याच्याशेजारी बसून डबा खायचा. प्रश्न कमी, गप्पा जास्त.

पालकांनो, घरीही हे करून बघा. शेजारी नवीन कुटुंब आलं तर “कुठले तुम्ही?” याआधी “चहा घेणार का?” विचारा. मुलं आपलं बोलणं नाही, वागणं गिरवतात. आपण त्या माणसाची अडचण सोडवू शकू असं नाही, पण त्याची वाट पाहणं थोडं हलकं नक्की करू शकतो.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.