बिनतारी यंत्राची पारख

रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे निघालेला माणूस कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतच्या अंगाला उतरू लागला, की त्याचा आणि मागे राहिलेल्या मंडळींचा जो संबंध तुटतो तो पुढल्या पाणवठ्यावर, नाहीतर थेट मुक्कामावरच जुळतो, असा त्या वाटेचा जुना शिरस्ता आहे. काही वर्षांमागे आमच्या चौदा जणांच्या टोळीत आघाडीला एक स्नेही आणि शेपटीला मी, अशा आम्हा दोघांपाशीच हौशी रेडिओचा परवाना आणि हातात मावणारे एकेक यंत्र होते. खिंडीच्या अलीकडल्या रानात एका गड्याचा घोटा मुरगळला. मी बटण दाबून हाका मारीत राहिलो आणि उत्तरादाखल नुसती खरखर येत राहिली. अखेर वैतागून खिंडीच्या तोंडापर्यंत, म्हणजे जेमतेम शंभर पावले, वर चढलो, तर त्याच यंत्रातून, त्याच अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर, "बोला, ऐकतोय" असा स्वच्छ आवाज आला. त्या शंभर पावलांचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात सापडावयाचा नाही; म्हणूनच खरेदीला निघालेल्या भटक्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम सरकारदरबारचा मामला निकालात काढू. आपल्या देशात हौशी रेडिओचे यंत्र बाळगणे आणि चालविणे यास परवाना लागतो. तो दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन शाखेकडून, परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतो. कनिष्ठ श्रेणीच्या परीक्षेत विद्युत् व रेडिओ यांची मूलतत्त्वे आणि नियम एवढेच असते; वरिष्ठ श्रेणीस मोर्स लिपीचे कडकट्टही यावे लागते. कनिष्ठास 'व्हीयू ३' आणि वरिष्ठास 'व्हीयू २' या अक्षरांनी आरंभ होणारे संकेतनाम मिळते. शाळेत शिकलेले विज्ञान ज्याला बऱ्यापैकी आठवते त्याला महिना-दीड महिन्याचा अभ्यास पुरतो, तेव्हा परीक्षेचा बाऊ करण्याचे प्रयोजन नाही. मात्र ज्याला ही तसदी घ्यावयाची नाही, त्याने हौशी रेडिओचे यंत्र घेऊच नये, असे मी बिनदिक्कत सांगतो. त्याच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी विनापरवाना मोकळी ठेवलेली आहे, आणि त्या पट्टीतली, सरकारी मान्यतेची, अल्पशक्तीची वॉकीटॉकी एका डोंगरधारेवरून दुसऱ्या धारेवर बोलण्यास पुष्कळ उपयोगी पडते. ऑनलाइन दुकानांत या दोन जाती सर्रास एकाच फळीवर मांडल्या जात. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रेत्यांवर लहरींचा तपशील आणि परवान्याची गरज स्पष्ट छापण्याचे बंधन घातले, ते योग्यच झाले. तरीही 'खरेदी करा' हे बटण दाबण्यापूर्वी तो तपशील स्वतः वाचावा. परदेशस्थ आप्तेष्टांनी प्रेमाने पाठविलेले उपग्रह-संदेशाचे यंत्र घेऊन तर मुळीच हिंडू नये. परवानगीवाचून ते जवळ बाळगल्याबद्दल विमानतळावर अटक झालेले प्रवासी आहेत.

परवानाधारक भटक्याचा मुख्य व्यवहार १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्टीवर चालतो. या लहरींचा स्वभाव जवळजवळ प्रकाशासारखा आहे: जेथवर नजर पोचेल त्याच्या किंचित पलीकडे त्या जातात, आणि मध्ये कातळ आला की थांबतात. एक ढोबळ हिशेब सांगतो. आपण उभे आहो त्या जागेच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणावे, म्हणजे सपाट मुलखावर लहर किती किलोमीटर जाईल त्याचा अदमास येतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरून कोकणाकडे तोंड करून हा हिशेब मांडला तर उत्तर सुमारे १६५ किलोमीटर येते. मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या मुखापाशी धरलेल्या यंत्राचे उत्तर येते अवघे पाच. म्हणजे पाच वॅटचे यंत्र कळसूबाईच्या माथ्यावरून मुंबईच्या गच्चीवरील हौशी मनुष्याशी सुखाने गप्पा मारील आणि तेच यंत्र सांदण दरीच्या तळाशी दोन वळणांपलीकडल्या सोबत्याला हाक पोचविणार नाही. 'आठ वॅट' म्हणून ज्याची जाहिरात होते ते यंत्र पाच वॅटच्या यंत्रापेक्षा अवघे दोन डेसिबल अधिक जोराने बोलते, आणि तेवढा फरक ऐकणाऱ्याच्या कानास धड कळतही नाही. बॅटरीला मात्र तो तत्काळ कळतो.

आता यंत्रे. आरंभ सर्वांनी ज्यापासून केला त्या बाओफेंग यूव्ही-५आरपासूनच करणे न्याय्य. २०१२ च्या सुमारास बाजारात आलेल्या या चिनी यंत्राने हौशी रेडिओची किंमत एखाद्या बऱ्या बुटाच्या जोडाइतकी खाली आणली, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. १४४ ची आणि तिच्या वरची अशा दोन पट्ट्या, १२८ जागांची स्मृती, १८०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि खिशात मावेल असा आटोपशीर बांधा. परंतु त्याच्या श्रवणाचे सारे काम एका चिपेवर सोपविलेले असल्याने जवळपास दुसरे जोरदार प्रक्षेपण चालू असले की ते बावचळते. माथ्यावर मनोऱ्यांचे रान माजलेल्या एका टेकडीवर माझ्याजवळचे त्याच जातकुळीचे एक स्वस्त यंत्र पार बहिरे झाले होते. टेकडीच्या पाठीमागे उतरताच त्याला पुन्हा कान फुटले. शिवाय नेमून दिलेल्या लहरीबाहेर नको ती पिलावळ सोडण्याची खोडही स्वस्त यंत्रांत अनेकदा आढळते, आणि परवान्यावर नाव आपले असते. पहिले यंत्र म्हणून, किंवा हरवले तरी हळहळ वाटू नये असे जोडीचे यंत्र म्हणून ते घ्यावे. एकमेव आधार म्हणून घेऊ नये.

त्याच्या वरच्या पायरीवर याएसूचे एफटी-६५ आणि आयकॉमचे आयसी-टी१० ही दोन यंत्रे मी शेजारी शेजारी ठेवीन. दोन्ही पाच वॅटची, दोन्ही पट्ट्यांची, आणि दोहोंचे श्रवण मनोऱ्याखालीही बऱ्यापैकी शाबूत राहणारे. फरक आहे तो पावसाचा. एफटी-६५ ला आयपी ५४ दर्जा आहे, म्हणजे धूळ आणि शिंतोडे ते सोसते. टी१० ला आयपी ६७ आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी चालते. जो केवळ मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळातच हिंडतो त्याने पहिले घेऊन चार पैसे वाचवावेत. परंतु आषाढात ज्याला घाटमाथा गप्प बसू देत नाही, आणि आपल्याकडे खरा भटक्या तोच, त्याने दुसऱ्यासाठी पदरमोड करावी. ओली बोटे, हातमोजे आणि अंधार या तिन्ही अवस्थांत बटण सापडते की नाही हे दुकानातच डोळे मिटून पाहावे. दुकानदार हसतो, हसू द्यावे.

यंत्राबरोबर येणारी ती आखूड, रबरी एरियल ही सर्व कंपन्यांची सारखीच लबाडी आहे. दोन मीटर लांबीच्या लहरीस पाव लांबीची, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरची काडी हवी. तिथे वीतभर गुंडाळी देऊन आपली बोळवण केलेली असते. लांब, लवचीक एरियल थोड्या पैशांत मिळते आणि यंत्र बदलण्यापेक्षा अधिक गुण देते. तीही नसेल तर एक हिकमत सांगतो. विजेच्या दुकानातून साधी, बारीक, रबराच्या वेष्टणाची तार घ्यावी, मोजून ४९ सेंटिमीटरची तोडावी, एका टोकाचे वेष्टण बोटभर सोलून ते टोक एरियलच्या मुळाशी असलेल्या धातूच्या कड्याभोवती पक्के वेटाळावे आणि तार खाली लोंबू द्यावी. एरियलच्या मध्यवर्ती खिळीस तिचा स्पर्श होता कामा नये, एवढीच दक्षता. या शेपटीमुळे एरियलला तिचा हरवलेला दुसरा अर्धा भाग मिळतो आणि खरखरीत बुडालेला आवाज पुष्कळदा वर येतो. खिंडीतल्या त्या प्रसंगानंतर ही शेपटी माझ्या यंत्रास कायमची जडली आहे. आमच्या मंडळींत तिच्यामुळे यंत्राला 'वानर' म्हणतात.

आणि दुसरी बॅटरी. पूर्ण शक्तीने बोलताना यंत्र दीड अँपिअरच्या आसपास विद्युत् खेचते, ऐकताना त्याचा लहानसा अंश. म्हणून बोलघेवड्या माणसाचे यंत्र दुपारीच मान टाकते आणि मितभाषी माणसाचे दोन दिवस पुरते. जवळचे संभाषण एक वॅटवर करावे. ज्या यंत्रास साध्या पेन्सिल-सेलांची डबी जोडता येते त्यास माझ्या लेखी विशेष मान आहे, कारण पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानात चार्जर मिळत नसला तरी सेल मिळतात.

दरीतून बाहेर न पडणाऱ्या आवाजावर उपाय मुळीच नाही असे नाही. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसा जवळजवळ उभ्या आकाशात सोडल्या तर त्या आयनांबरावरून परतून भोवतालच्या तीन-चारशे किलोमीटरांच्या वर्तुळात पावसासारख्या उतरतात. मध्ये डोंगर किती, हा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी यंत्र निराळे लागते आणि प्रत्येकी दहा मीटरच्या दोन तारा झाडांवर, फार उंच न नेता, ताणाव्या लागतात. या जातीत याएसूचे एफटी-८१८ हे सुमारे किलोभर वजनाचे आणि सहा वॅटचे यंत्र अनेकांच्या पाठपिशव्यांतून जग हिंडले. त्याचे उत्पादन थांबले असल्याने आता ते जुन्या बाजारातच शोधावे लागते, आणि बॅटरी व एरियलची जोडणी तपासल्याखेरीज त्याचा सौदा करू नये. आयकॉमचे आयसी-७०५ हे त्याचे श्रीमंत वारस: रंगीत पडदा, सर्व पट्ट्या, स्वतःच्या बॅटरीवर पाच आणि बाहेरच्या विजेवर दहा वॅट. लाखाच्या पलीकडची ही वस्तू कात्राबाईच्या घसाऱ्यावरून नेताना माझे लक्ष वाटेपेक्षा पिशवीकडेच अधिक राहील, म्हणून मी ती घेतली नाही. एलेक्राफ्टचे केएक्स-२ बॅटरीवाचून पावणेचारशे ग्रॅम भरते आणि वाहणाऱ्याच्या दृष्टीने या साऱ्यांत शहाणे तेच. श्येगूचे जी-९० वीस वॅट देते, परंतु बॅटरी बाहेरून जोडावी लागत असल्याने ते मुक्कामाचे यंत्र आहे, वाटेचे नव्हे. ज्याच्या हातास डाग देण्याच्या कावियाची सवय आहे त्याने हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेल्या बिटेक्स कुळातल्या यंत्रांकडे अवश्य पाहावे. स्वल्प खर्चात, साध्या सुट्या भागांतून घरी उभारता येणारी ही रचना इथून निघून जगभरच्या हौशी मंडळींच्या टेबलांवर पोचली. मात्र उघड्या पट्टिकेला पावसात नेण्यापूर्वी तिला घट्ट झाकणाचा डबा हवा. आमच्या एका मित्राने त्याकरिता चक्क पोळ्यांचा डबा वापरला आहे आणि त्याची तक्रार नाही.

डिजिटल आवाजाच्या यंत्रांविषयी थोडक्यात एवढेच, की त्यांच्या तीन भाषा तीन दिशांना जातात आणि एकीचे बोलणे दुसरीस उमगत नाही. डोंगरात ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्यापाशी साधे एफएम यंत्र असण्याचाच संभव अधिक. तेव्हा ते जास्तीचे पैसे तूर्त राखून ठेवावेत.

माझी शिफारस कोणी विचारलीच तर ती अशी आहे: परीक्षेचा अर्ज आधी भरावा, यंत्र मागाहून घ्यावे, पाण्यास न भिणारे, पाच वॅटचे एक यंत्र, लांब एरियल, तारेची शेपटी आणि एक जादा बॅटरी एवढ्यावर दोन वर्षे काढावीत, ७ मेगाहर्ट्झचा नाद त्यानंतर, आणि तोही बायकामुलांच्या संमतीने लावून घ्यावा. गडाच्या पायथ्याशी मोबाइलचे दांडे दिसत असतील तर संकटसमयी प्रथम ११२ लावावा. रेडिओचा अभिमान तिथे धरू नये.

हल्ली रतनवाडीस मुक्काम पडला, की अमृतेश्वराच्या आवारात निजण्यापूर्वी आम्ही कागदाच्या एका चिठ्ठीवर बोलण्याची लहर, ती न लागल्यास दुसरी लहर आणि ऐकण्याची वेळ लिहून ती चिकटपट्टीने यंत्रांच्या पाठीवर लावतो: दर तासाच्या आरंभीची पाच मिनिटे, यंत्र चालू, आणि माणूस असेल त्या जागेहून थोडा तरी वर चढलेला.