यंत्रातलं पुस्तक कुणाच्या मालकीचं?

नातू : आबा, किंडलवर अख्खं कपाट मावतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. तुमच्या डोळ्यांना तर सोयीचंच. मग कपाळाला आठ्या का?

आबा : यंत्रावर कुठं रागावलोय मी? २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं किंडलवर यायला लागली. ज्याच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही, त्याची सोय झाली, हे मान्यच. मी बोलतोय ते व्यवहाराबद्दल. पैसे मोजून तुझ्या पदरात पडते ती वाचायची परवानगी. ते पुस्तक जुन्या बाजारात विकता येत नाही, पोराबाळांच्या नावे ठेवता येत नाही. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, तशातली गत. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला, २०२५ पासून लागू : गिऱ्हाईकाला मिळतो तो फक्त परवाना, हे दुकानानं आधी स्पष्ट सांगायचं.

नातू : परवाना तर परवाना. पण दिलेलं पुस्तक काढून कोण घेतंय?

आबा : २००९ च्या जुलैत किंडलवाल्या अ‍ॅमेझॉननंच घेतलं. ऑर्वेलची '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली. ती तिथं विकायला ठेवणाऱ्याकडं हक्क नव्हते, हे खरं. पैसे परत केले, कंपनीचा प्रमुख बेझोसनं माफीही मागितली. पाळत ठेवणाऱ्या सत्तेवरचं '१९८४'च नेमकं गेलं म्हणून जगभर विनोद झाले, ते सोड. चोरून छापलेलं पुस्तक दुकानात सापडलं तर कायदा दुकानदाराला धरतो, तुझ्या घरातलं कपाट उघडत नाही. इथं कपाटापर्यंत हात पोचला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पुस्तकं गेली, पैसे परत. ज्यांनी पुस्तकात टिपा केल्या होत्या त्यांच्या खात्यावर पंचवीस डॉलर जादा जमा केले. वाचताना सुचलेल्या विचाराचा भाव ठरला बघ!

नातू : पैसे मिळाले ना? मग कंपनी वाईट कशी?

आबा : वाईट कोण म्हणतंय? दुकान चालेना, बंद केलं. वाचन टिकवणं हे तिचं कामच नव्हे. वेस्टलँड ही आपल्या देशातली प्रकाशनसंस्था अ‍ॅमेझॉननं घेतली आणि २०२२ मध्ये बंद केली. लेखक हक्क सोडवत बसले. याच्या उलट आपलं कोल्हापूर बघ. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. १९४५ मध्ये या संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रासच्या तीन वर्षं आधी. महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ उजाडलं. लोकांना पुस्तक मिळणं ही राज्याची जबाबदारी, असं त्या काळी वाटलं. आता सार्वजनिक ग्रंथालयातल्या माणसाला एवढा पगार मिळतो की त्यात घर चालत नाही, आणि आम्ही वाचनसंस्कृतीवर परिसंवाद भरवतो!

नातू : प्रकाशक तरी काय धर्मादाय करतात? आवृत्ती संपली की पुस्तक वर्षानुवर्षं मिळत नाही.

आबा : बरोबर, तेही व्यापारीच. पण विकलेल्या प्रतीवर त्यांचा ताबा उरत नाही, माझा मुद्दा तेवढाच.

नातू : ते असू दे. पण कंपनीच बुडाली तर माझी घेतलेली पुस्तकं?

आबा : अडकलास का तिथंच! पूर्वी ती फाइल संगणकावर उतरवून ठेवता यायची, फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननं तीही वाट बंद केली. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, ती उतरवून घे; ती तुझ्याकडंच राहतात. हक्क संपलेलं पुस्तकही तसंच. 'ययाति'चे लेखक खांडेकर १९७६ ला गेले. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. म्हणजे १ जानेवारी २०३७ पासून 'ययाति' कुणालाही छापता येईल, वाटता येईल. तोवर तुझं यंत्र चालेल का, मला ठाऊक नाही. एकदा वाचून सोडायचं ते खुशाल किंडलवर वाच, ठेवायचं ते कागदावर घे. आणि त्याआधी जाऊन ग्रंथालयाची वर्गणी भर.