आधी चादर, मग शब्द : भ्यालेल्या बालमनाचे उपचार

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा परिसर भूकंपाने हादरला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कराडला कोयनेला पोटात घेऊन वाहणारी कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांपर्यंत चढली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ब्रह्मनाळ येथे तर जीव वाचवायला निघालेली बोटच उलटली. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या.

पूर ओसरला की गाळ उपसला जातो, पंचनामे होतात. पडलेली भिंत पंचनाम्यात नोंदली जाते. मुलाच्या छातीत भरलेली धडकी मात्र कोणी नोंदवत नाही. २०१९ साली पाच-सहा वर्षांचे असलेले मूल आता मोठे झाले आहे. तरीही पत्र्यावर पाऊस वाजू लागला की एखादे मूल दचकून उठते, अंथरूण ओले करते, विनाकारण चिडते किंवा एकाएकी गप्प होते. घरचे म्हणतात, "एवढा मोठा झालास, अजून भितोस? अल्लाहवर भरवसा नाही का?" वाचकहो, हा प्रश्न न्याय्य आहे का, याचा विचार आपण करू या.

शरीराची साक्ष

अल्लाहने मानवी देहात संकटाची सूचना देणारी एक विलक्षण व्यवस्था ठेवली आहे. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. धोका जाणवताच तो इशारा देतो आणि विचार करणारा मेंदू जागा होण्यापूर्वीच शरीर कामाला लागते. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय धडधडते, श्वास वाढतो, हातपाय पळण्यास किंवा झुंजण्यास सज्ज होतात. दोन्ही अशक्य असेल तर शरीर गोठून जाते. ही अल्लाहची देणगीच आहे. तिच्याविना माणूस पुरातून बाहेर पडला नसता.

धोका टळल्यावर मज्जासंस्थेची दुसरी शाखा हृदयाची गती उतरवते आणि देहाला विसावा देते. परंतु आघात फार मोठा असेल, किंवा तो पुन्हापुन्हा होत असेल आणि मुलाला जवळ घेणारे कोणी नसेल, तर हा इशारा बंद होण्याचे विसरतो. मग चिखलाचा वास, पाण्याचा आवाज किंवा दाराची कडी वाजणेही धोक्यासारखे भासते. मूल ते ठरवून करत नाही. म्हणून अशा भीतीला ईमानाची उणीव म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

हिरा गुहेनंतरची रात्र

पहिल्या दिव्य प्रकटनानंतर प्रेषित मुहम्मद (स.) घरी परतले तेव्हा त्यांचे हृदय थरथरत होते. आपणास पांघरूण घालावे, असे त्यांनी सांगितले. आदरणीय खदीजा (र.) यांनी त्यांना पांघरूण घातले आणि भीती ओसरेपर्यंत वाट पाहिली. त्यानंतर त्यांच्या सद्गुणांची आठवण देऊन धीर दिला आणि मग जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे नेले. सहीह बुखारीच्या आरंभीच ही घटना आली आहे.

यातील क्रम लक्षात घ्या. आधी देहाला ऊब, मग मनाला शब्द आणि शेवटी जाणकाराचा सल्ला. आपण मात्र आधी उपदेश करतो, मग रागावतो, आणि पांघरूण घालायचे राहूनच जाते. थरथरणाऱ्या देहात शब्द शिरत नाहीत. तो शांत झाला, की मन ऐकू लागते.

दुःख व्यक्त करणे म्हणजे सबर सोडणे नव्हे, हेही मुलांना सांगा. आदरणीय याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली; तरी त्यांचा सबर सुंदरच राहिला, कारण त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले.

घरात काय करावे?

मूल घाबरले असता त्याला जवळ घ्या, खांद्यावर हात ठेवा, हळू बोला. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडण्यास शिकवा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. झोपेची, जेवणाची आणि नमाजची वेळ ठरलेली असू द्या, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या मुलाला सुरक्षित वाटते. वुजूचे गार पाणी, तिलावतीची संथ लय आणि दीर्घ सज्दा यांनीही देह निवतो. नमाजचा खरा हेतू अर्थातच अल्लाहची उपासना आहे. हा विसावा त्याची अधिकची कृपा. पूरग्रस्त मुलाला नदीकाठी बळेच नेऊ नका. बोलायचे की नाही, हे त्याला ठरवू द्या.

आणि एक कटू गोष्ट. पूर काही वर्षांनी येतो, पण काही घरांत मुलांना रोजचाच भूकंप सोसावा लागतो. अब्बांची चाहूल लागताच ज्या मुलाचा श्वास अडकतो, त्याच्यासाठी पहिला उपचार म्हणजे मारहाण थांबणे. जखम रोज उघडत असेल तर मलम काय करणार? बाळाचे रडणे ऐकून प्रेषित (स.) जमातची नमाजसुद्धा आटोपती घेत. घरातील किंवा ओळखीतील कोणी मुलाशी दुष्कृत्य करत असेल, तर अब्रूच्या नावाखाली गप्प बसणे हा जुलूम आहे. अशा वेळी १०९८ वर मदत मागा.

जाणकाराकडे जाणे

दुआ करा आणि उपचारही घ्या, प्रेषितांनी (स.) औषधोपचार करण्यास सांगितले आहे. हिजरी ३२२ मध्ये निधन पावलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी देह आणि मन यांच्या आरोग्याचा विचार एकाच ग्रंथात केला होता. एकाचा त्रास दुसऱ्यास होतो, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. मुलाची झोप, भूक किंवा शाळा महिनाभर बिघडलेली असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मज्जासंस्था भीती शिकते तशी सुरक्षितताही शिकते. मात्र ती सावकाश, रोजच्या वागण्यातून शिकते. बालपण भीतीत गेलेल्या प्रौढांसाठीही हा दरवाजा बंद झालेला नाही. अल्लाह आपली घरे मुलांसाठी निर्भय करो. आमीन.