चिंच लावण्याआधी

पितळ काळवंडलेलं दिसलं की आपला हात आधी चिंचेकडे जातो. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या घरी 1800च्या सुमाराचं महोगनीचं, खणाखणांचं कपाट आहे. दिवाळीच्या आवराआवरीत मावशींनी मायेनं त्याच्या कड्या चिंच-मीठ लावून घासल्या. दुपारी बघतो तर कडीमागच्या लंबगोल पत्र्यावरच्या गरुडाची पिसं बोथट झालेली आणि मधेमधे गुलाबी डाग. आंबटानं पितळातलं जस्त खाल्लं की तांबं असं वर येतं. सोनेरी झाकही गेली. ती मुळात वरच्या रंगीत रोगणाची होती, त्यामुळे कितीही घासलं तरी परत येणार नव्हती.

समई ओतीव असते, चार पिढ्या घासली तरी टिकते. हे पत्रे मात्र पातळ. पितळी पत्रा ठशात दाबून त्यावर नक्षी उठवायची, हे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचं काम. गंमत बघा, 1782 साली गरुड अमेरिकेच्या राजमुद्रेवर आला आणि स्वातंत्र्याचा हा गरुड अमेरिकन सुतार आपल्या कपाटांवर ठोकत होते तो इंग्लंडहून मागवून! कलश, धान्याची पेंढी, ओकची पानं हीसुद्धा तिकडूनच यायची. धंद्याला कसलं आलंय वैर.

तेव्हा अशा कड्यांवरची धूळ मऊ, कोरड्या फडक्यानं टिपा, बस्स. बाजारातलं पॉलिशही नको. ते पत्र्याच्या कडेनं लाकडात मुरतं आणि पांढरी रेघ राहते. 1803च्या सुमाराला फ्रान्सहून न्यूयॉर्कला आलेल्या लान्विएसारख्या कारागिराच्या फर्निचरवर तर पाऱ्याच्या साहाय्यानं सोन्याचा मुलामा दिलेली नक्षी असते. तिथे पॉलिश म्हणजे सोनंच पुसून काढणं.

असं कपाट विकत घेणार असाल, तर विक्रेता ‘सगळं मूळचं आहे’ म्हणत असताना खण पूर्ण बाहेर ओढा आणि दर्शनी फळीची आतली बाजू टॉर्च लावून बघा. कडीच्या भोकांशेजारी लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली जुनी भोकं दिसली, तर आधी तिथे वेगळी कडी होती. बाहेरून पत्र्याभोवती दुसऱ्याच आकाराची गडद सावली दिसते का, तेही बघा. नट ओबडधोबड, हातानं कापलेले असले तर चांगली खूण. सगळे एकसारखे गुळगुळीत असले तर शंका घ्या. पण लगेच पाठ फिरवू नका. कड्या नंतरच्या असल्या तरी कपाट अस्सल असू शकतं, फक्त भाव त्या हिशेबानं पाडून मागा.