पाळीतली कळ अंगावर काढू नका

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, कंबर भरून येते, मळमळतं. कुणाला जुलाबही होतात. ‘हे चालायचंच’ म्हणत पुष्कळ घरांत मुलींना सोसायला लावतात आणि गोळी हातात पडते ती गडबडा लोळायची वेळ आल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

या दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती गर्भाशय आवळतात, तिथला रक्तपुरवठा घटतो आणि कळ उठते. आतड्यांवरही त्यांचा परिणाम होतो, म्हणून जुलाब. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन ही दाहशामक औषधं ही रसायनं तयार होणं रोखतात. आधीच तयार झालेल्यांवर त्यांचा इलाज नाही. म्हणून कळ सुरू होताच किंवा रक्तस्राव दिसताच पहिली गोळी घ्या. पुढचे दोन-तीन दिवस ठरल्या वेळी घ्या, पुन्हा कळ येण्याची वाट पाहू नका. प्रौढ स्त्रीला आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, काहीतरी खाऊन. उपाशीपोटी नको. या औषधांपैकी एका वेळी एकच घ्यावं. सोबत गरम पाण्याची पिशवी जरूर घ्या, तिनं खरंच आराम पडतो.

‘सवय लागेल’, ‘पुढे मूल होणार नाही’ ही भीती मी नेहमी ऐकते. पाळीच्या दोन-तीन दिवसांपुरत्या घेतलेल्या या गोळ्यांची चटक लागत नाही, वंध्यत्वही येत नाही.

जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. पोटात अल्सर, किडनीचा विकार, ॲस्पिरिननं उसळणारा दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गरोदरपणाची शंका असेल तरीही नको. डेंग्यूचा संशय असताना तर मुळीच नको. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशननं नोव्हेंबर 2023 मध्ये इशारा दिला होता: क्वचित एखादीला ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर रिॲक्शन येऊ शकते. पुरळ उठलं की गोळी थांबवा, लगेच दवाखाना गाठा.

तीन पाळ्या नीट गोळ्या घेऊनही शाळा-कॉलेज, काम बुडत असेल, दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा शौचाच्या, संबंधाच्या वेळी कळ येत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो. आयांनो, ‘लग्न झालं की थांबेल’ म्हणून मुलीला थांबवू नका. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन या.